गणपतीत पाच दिवस त्याने मोबाईलला हात लावला नाही, हे तुम्हीच लिहिलंय

आलेलं पत्र, थोडं छोटं करून:

"ताई, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, नववीला. गेल्या वर्षी जूनमध्ये ह्यांची बदली झाली म्हणून आम्ही संगमेश्वरकडून डोंबिवलीला आलो. गावाला असताना गुणी होता, शेजारच्या मित्राबरोबर चालत शाळेत जायचा, संध्याकाळी कबड्डी. इथे आल्यापासून नुसता गेम. दुपारी शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि मोबाईल घेतो, रात्री दोन दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून कोणाकोणाशी ओरडत असतो. सहामाहीला तीन विषयांत नापास. मागच्या आठवड्यात कळलं की ह्यांच्या खात्यातून ११,४०० रुपये गेममध्ये घातले, डायमंड का काय ते. ह्यांनी कानाखाली मारली आणि त्याचा मोबाईल फरशीवर आपटला. तेव्हापासून बोलत नाही, नीट जेवत नाही. परवा म्हणाला मला जगायचंच नाहीये. हे म्हणतात नाटकं आहेत. गणपतीला गावी गेलो तेव्हा मात्र पाच दिवस मोबाईलला हात लावला नाही, म्हणजे तिथे बरं जमतं याला! खरंच व्यसन लागलंय का? मोबाईल कायमचा बंद करू का?"
एक आई, डोंबिवली

ताई,

मोबाईलचं नंतर बोलू. आधी ते वाक्य, जे तुम्ही पत्राच्या शेवटी शेवटी घाईघाईत लिहून टाकलंय. पंधरा वर्षांचं पोर "मला जगायचं नाहीये" म्हणालं की ते खरं धरायचं, बस. नाटक असेल तर आपलं काय जाणारे? आणि नसेल तर? ह्यांना माझं नाव सांगून सांगा की या एका गोष्टीत अंदाज बांधायचे नाहीत.

आज रात्री जेवणं झाली की त्याच्याजवळ बसा, धाकट्यांना आत पाठवा, टीव्ही बंद करा, आणि सरळ विचारा, "तू परवा म्हणालास जगायचं नाहीये, तर मरून जावं असे विचार येतात का रे तुला?" मला माहितीये हे शब्द आईच्या तोंडातून निघत नाहीत, घशात अडकतात. पण विचारल्यामुळे मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात, मी स्वतः शाळेत समुपदेशनाचं काम करताना हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. तो "हो" म्हणाला तर ओरडू नका, रडू आलं तर रडा, पण "असं बोलायचं नाही हं, आमचा विचार केलास का" हे म्हणू नका. फक्त ऐका. त्याने कसं करायचं, कधी करायचं असलं काही ठरवलेलं निघालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, त्याला एकटं न सोडता सरकारी किंवा खाजगी, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेऊन जा. आणि काहीही निघालं नाही तरी पुढचे काही दिवस घरातली औषधं, फिनेल, उंदराचं औषध हे सगळं कुलपात ठेवा, त्याला तासन् तास एकटं ठेवू नका आणि त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाका. काढताना त्याला सांगा का काढताय ते.

१४४१६ हा नंबर लिहून घ्या. टेली मानस. मनाच्या त्रासासाठी सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली मोफत हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. तो बोलला नाही तरी तुम्ही बोलू शकता, आईने विचारलेलं चालतं. लहान मुलांसाठी १०९८ पण आहे.

आता बाकीचं.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही गेमचंच पत्र वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना ते गणपतीचं वाक्य दिसलं, जे तुम्ही रागाने लिहिलंय, की तिथे बरं जमतं याला. ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तर त्याच वाक्यात आहे. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा अजून एक गोष्ट दिसली. पत्रात तुम्ही गावच्या त्या मित्राचं नाव लिहिलंय, ज्याच्याबरोबर तो शाळेत चालत जायचा (मी इथे काढून टाकलंय). आणि पुढे दुसऱ्या पानावर लिहिलंय की रात्री हेडफोन लावून काय काय नावं घेऊन ओरडतो, त्यात तेच नाव आहे. तेच! तुम्ही म्हणता कोणाकोणाशी ओरडत असतो, तर तो रात्री दोन वाजेपर्यंत कुठल्या अनोळखी माणसाशी नाही, संगमेश्वरच्या आपल्या दोस्ताशी बोलत बसलेला असतो. निदान एकाशी तरी.

म्हणजे बघा ना, आठवीत असताना त्या पोराची शाळा, नदी, मैदान, मित्र, आजी, सगळं एका आठवड्यात सुटलं, आणि त्याला कोणी विचारलंही नसेल, कारण बदली काय कोणी विचारून होत नाही, आणि मोठ्यांनाही कुठे हौस होती. त्यातून दीड वर्ष झालं तरी डोंबिवलीतल्या एकाही मित्राचं नाव तुमच्या पत्रात नाही. सहा पानी पत्रात एक नाव नाही. तो रोज दुपारी साडेबाराला घरी येतो, तुम्ही साडेसातला, ह्यांची गाडी नऊला. सात तास. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये, जिथे गावासारखं अंगणात उतरून कोणाला हाक मारता येत नाही. त्या सात तासांत त्याला हाक मारणारी एकच जागा होती, ती फरशीवर फुटली.

गेम निर्दोष आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, थांबा.

व्यसन आहे का असं विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची जी यादी केली, आयसीडी-११, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात गेमिंग डिसऑर्डर हा आजार म्हणून आलाय. त्यात तीन खुणा बघतात. खेळणं कधी सुरू करायचं, किती वेळ, कधी थांबायचं यावरचा ताबा सुटणं. बाकी सगळ्या आवडीनिवडी, रोजची कामं मागे पडून गेम पुढे येणं. आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळत राहणं, वाढवत नेणं. आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं, फार तीव्र असेल तर त्याआधीही धरतात. तुमच्या मुलात दुसरी आणि तिसरी खूण दिसतेय, ती मी झाकणार नाही, तीन विषय आणि ११,४०० रुपये हे नुकसानच आहे. पण पहिली? ज्या पोराचा ताबा पूर्ण सुटलाय ते पोर पाच दिवस, ते पण मोबाईल हातात असताना आणि कोणी बंदी घातलेली नसताना, त्याला हात न लावता राहील का? गावी गेल्यावर त्याला ज्याच्याशी खेळायचं होतं तो समोर उभा होता. आरती होती, कबड्डी होती, रात्री जाखडी नाच बघायला गेले असतील. गेमची गरजच उरली नाही. ठप्पा मारायचं काम मी पत्रावरून करणार नाही, ते डॉक्टर समोर बसवून करतील, पण मला हे पोर व्यसनी कमी आणि एकटं जास्त वाटतंय.

आता गेम कसा पकडून ठेवतो ते तुम्हाला माहीत पाहिजे, कारण माहीत नसेल तर घरात रोज भांडण होतं. या लढाईच्या गेममध्ये मॅच मधेच थांबवता येत नाही, पॉज नसतोच. चौघांचा स्क्वॉड असतो, एक जण मधेच उठला तर बाकीचे तिघे मरतात, याची रँक पडते आणि उद्या ते याला घेत नाहीत. आपण स्वयंपाकघरातून ओरडतो "आत्ताच्या आत्ता ठेव", आणि तो म्हणतो "पाच मिनिटं", आणि आपल्याला वाटतं उलट बोलतोय. तो खोटं बोलत नसतो, त्याची मॅच सुरू असते. त्यामुळे वेळ मिनिटांत न सांगता मॅचमध्ये सांगा, "ही मॅच संपली की जेवायला, पुढची लावायची नाही". एवढ्या एका बदलाने घरातली निम्मी आदळआपट थांबलेली मी बघितलीये.

दुसरं म्हणजे सीझन, म्हणजे गेमचा एक ठरलेला टप्पा, संपला की रँक खाली येते आणि परत पहिल्यापासून चढायचं, पोरं याला रँक पुश म्हणतात, त्याला शेवट नाही. रोज आलं तर रोज बक्षीस, एक दिवस चुकला तर गेलं. आणि डायमंड, म्हणजे खरे पैसे देऊन घ्यायची गेममधली नाणी, टाकून एक चक्र फिरवायचं असतं, त्यातून काय निघेल माहीत नाही, बहुतेक वेळा फालतू निघतं, क्वचित एखादा झगमगीत ड्रेस किंवा गेममधल्या बंदुकीचं रंगीत आवरण. कधी लागेल माहीत नसलं की माणूस जास्त ओढतो, जत्रेतल्या चक्रीवर मोठी माणसंसुद्धा खिसा रिकामा करतात, मग चौदा पंधरा वर्षांचं पोर. या वयात मेंदूचा बक्षिसाकडे धावणारा भाग जोरात असतो आणि ब्रेक लावणारा भाग अजून तयार होत असतो, ते काम विशीच्या पुढेपर्यंत चालतं. गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे, आणि मला याचा खरंच राग येतो, मुलांच्या एकटेपणावर एवढी मोठी दुकानं उभी राहावीत याचा.

पैशांबद्दल. त्याने चोरी केली हे खरंय आणि ते सोडून द्यायचं नाही. पण आधी शांतपणे बसून ह्यांच्या खात्याचं स्टेटमेंट त्याच्याबरोबर बघा, कधी किती गेले, कोणाला गेले. सगळे गेमच्या दुकानातच गेले का, की कोणी "स्वस्तात डायमंड देतो" म्हणून युपीआयवर घेतले? दुसरं असेल तर ती फसवणूक आहे, १९३० ला फोन करा, सायबर तक्रार होते. गेमच्या दुकानातून घेतले असतील तर ॲप स्टोअरवर परताव्याची विनंती टाकून बघा, मिळतीलच असं नाही, पण उशीर करू नका. आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या गेममध्ये तर नाही ना गेला, हे पण विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि तसले गेम देशात बंद झाले, तरी कोणी चोरून कुठली लिंक पाठवत असेल तर तिथे पोरं अडकतात. तो खेळतो तसल्या गेममधली कपडे बंदुकांची खरेदी मात्र त्या बंदीत येत नाही, तिथला पहारेकरी तुम्हीच. ह्यांचा युपीआय पिन बदला, प्ले स्टोअरमधून कार्ड काढा, प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं सेटिंग करा.

११,४०० ची भरपाई त्याने करावी असं माझं मत आहे, पण हातखर्चातून महिन्याला थोडे थोडे, किंवा घरातलं एखादं ठरलेलं काम करून. मार खाऊन नाही. मार खाल्ला की मुलाच्या मनात हिशोब फिटतो, चूक तशीच राहते.

आणि ह्यांनी माफी मागायला हवी. मारल्याबद्दल, मोबाईल फोडल्याबद्दल. पैशांचा राग बरोबर होता, हात उचलणं बरोबर नव्हतं, एवढं दोन वाक्यांत बोलले तरी पुरे. मला माहितीये आपल्याकडे बाप माफी मागत नाही. पण मग ते पोर पहिल्यांदा बोलेल कशावर? तुम्ही मध्ये पडून "बाबांच्या मनात तसं नव्हतं" असं सांगू नका, ते त्यांनीच सांगितलेलं बरं.

मोबाईल कायमचा बंद करू का. नको. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झालं, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झालं, पोरांनी खेळायचं सोडलं का? दुसऱ्या गेमवर गेली. दक्षिण कोरियात तर २०११ साली सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते पहाटे सहा कॉम्प्युटरवरचे ऑनलाइन गेम बंद असा कायदाच केला होता, तो दहा वर्षांनी त्यांनीच काढून टाकला. नुसता दरवाजा बंद करून होत नाही, पोराला जायला दुसरी जागा लागते. आणि तुमच्या घरात तर एकदम काढून घेऊन काय झालं ते तुम्ही बघितलंतच.

साधा स्मार्टफोन परत द्या, पण बोलून ठरवून, आणि कागदावर लिहून, त्याची सही आणि तुमच्या दोघांची सही. शाळेच्या दिवशी किती मॅच हे त्याला आधी विचारा, तो पाच म्हणेल तुम्ही दोन म्हणाल, तीनवर या. रात्री साडेदहाला सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे ह्यांचाही, तुमचाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरावर सरकतं, त्यामुळे त्याला अकराच्या आत झोप येत नसेल तर तो मुद्दाम करत नाहीये, पण दोन वाजता झोपून सकाळी सहाला उठणारं पोर चिडचिडं, रडवेलं आणि नापास होणारच, गेम नसता तरी झालं असतं. सगळ्यांचे म्हणाले कारण सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे मुलांना एकट्यांना शिक्षा नव्हती, मोठ्यांनीही बंद करायचा होता. तुम्ही पत्रात लिहिलंय ह्यांना झोपताना रील बघितल्याशिवाय झोप येत नाही. मग त्या पोराने कोणाचं ऐकायचं?

पण ताई, हे सगळे नियम मी सांगतेय खरी, नुसत्या नियमांनी काही होणार नाही जोवर त्या सात तासांचं काही होत नाही. माझा सगळा जोर तिथे आहे. डोंबिवलीत कबड्डीची मंडळं आहेत, कोकणातली माणसं तिथे भरपूर, संध्याकाळी मैदानावर मॅट किंवा माती कुठे लागते ते शोधा. स्वतः जा, मंडळातल्या एखाद्या दादाशी बोला, की गावाकडे खेळायचा, चढाई चांगली करतो. त्याला घेऊन जाताना "मोबाईल सुटावा म्हणून" हे शब्द तोंडातून काढू नका. पहिल्या दिवशी नाही म्हणेल, दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बघायला येईल.

शाळेत पण जाऊन या. वर्गशिक्षकांना मार्क विचारू नका, डबा कोणाबरोबर खातो ते विचारा. मला एक शंका आहे, शंकाच, पण विचारून बघा, त्याच्या बोलण्याला वर्गात हसतात का. कोकणातला हेल, गावचे शब्द, त्यावरून शहरातली पोरं फार सतावतात आणि पोरगं घरी येऊन ते कधी सांगत नाही, कारण ते सांगणं म्हणजे घरच्यांच्या बोलण्यालाच नाव ठेवल्यासारखं होतं. गेममध्ये त्याच्या बोलीला कोणी हसत नाही, तिथे सगळे त्याच्यासारखंच बोलतात. असं असेल तर शिक्षकांना ठामपणे सांगा थांबवायला.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, ते जगायचं नाही म्हणाल्यामुळे नक्की. मुलांमधलं नैराश्य आपल्याला वाटतं तसं रडकं नसतं, बऱ्याचदा ते चिडचिड, आदळआपट, जेवण सोडणं, आवडत्या गोष्टीतही मन न लागणं असं दिसतं, आणि मग घरचे म्हणतात माज आलाय. नैराश्य आधी की गेम आधी हे तपासणारा माणूस लागतो. तुम्हाला ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था लांब नाही. सरकारी रुग्णालयांत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक चालतात, मोफत, तिथेही विचारा. गेमच्याच प्रश्नासाठी म्हणाल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २०१४ पासून शट क्लिनिक आहे, पण तुम्हाला आत्ता तिकडे धावायची गरज मला वाटत नाही. त्याला नेताना "वेड्याच्या डॉक्टरकडे" असं घरात कोणी बोलणार नाही एवढं बघा, आजीला सुद्धा आधी सांगून ठेवा. त्याला सांगा, "तुला झोप लागत नाही, जेवण जात नाही, आम्हाला काळजी वाटते, तू एकट्याने डॉक्टरांशी बोल, आम्ही बाहेर बसतो." आणि खरंच बाहेर बसा.

एका गोष्टीवर मात्र डोळा ठेवा. मोबाईल परत मिळूनही त्याने गेमला हात लावला नाही, किंवा आपला गेमचा आयडी, इतके दिवस जमवलेलं सगळं, मित्राला देऊन टाकलं, तर सुटलं एकदाचं म्हणून खूश होऊ नका. आवडती वस्तू अचानक वाटून टाकणारं मूल ही धोक्याची खूण असते, त्या दिवशी लगेच १४४१६ किंवा डॉक्टर.

शिमगा येतोच आहे. पालखी नाचवायला तो गेला पाहिजे, शाळा दोन दिवस बुडाली तर बुडू दे, तीन विषयांत नापास झालेलं पोर दोन दिवसांनी काही आणखी मागे पडत नाही. दिव्याहून सावंतवाडीची गाडी आहेच, तिकिटं आत्ताच काढा आणि त्याच्या हातात द्या, म्हणजे पुढे काहीतरी आहे हे त्याला दिसेल. आणि तोवर वाट बघत बसू नका. त्या मित्राच्या आईचा नंबर तुमच्याकडे असेलच. आजच फोन करा, आणि दोघांना बोलू द्या, गेमशिवाय, तुमच्या फोनवरून, दार लोटून घेऊन, किती का वेळ होईना.